गिरजामायचा चेहरा : एका विद्यार्थी नाटकाच्या रंगभूषेच्या नोंदी

५ डिसेंबर २०२४, जळगाव

संहितेचे वाचन पूर्ण झाले आणि रंगभूषेची जबाबदारी माझ्याकडे आली, म्हणून या नोंदी आजपासून ठेवीत आहे. नाटक आमच्याच दोन विद्यार्थ्यांनी लिहिले असून यावल-रावेर पट्ट्यातील केळी पिकवणाऱ्या एका घराची ती गोष्ट आहे. मुख्य पात्र गिरजामाय. पंचविशीत ती नवऱ्याच्या बरोबरीने बागेत राबते, पंचेचाळिशीत विधवा होते आणि सत्तरीत वाटणीच्या कागदावर अंगठा उठवायला नकार देते. नाटक सत्तरीपासून सुरू होते, मागे पंचविशीत जाते, पंचेचाळिशीतून पुढे येते आणि पुन्हा सत्तरीत येऊन थांबते. तिन्ही वये एकोणीस वर्षांची एकच मुलगी करणार आहे. तिच्याखेरीज महत्त्वाची पात्रे म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यात कामाला जाणारा तिचा धाकटा दीर सुपडू, केळीचा व्यापारी आणि होळीच्या रात्रीच्या स्वप्नदृश्यात येणारा बुध्या, म्हणजे सातपुड्यातील होळीत नवसाने नाचणारा माणूस.

दिग्दर्शकाची पहिली सूचना होती की म्हातारपणासाठी कपाळावर आडव्या रेषा काढाव्यात आणि केसांना पावडर लावावी. स्नेहसंमेलनांत हेच चालत आले आहे. परंतु त्या रेषांमधून वय कळते, बाई कळत नाही. उन्हात चाळीस-पन्नास वर्षे काढलेला चेहरा आणि सावलीत तेवढीच वर्षे काढलेला चेहरा वेगवेगळ्या रीतीने म्हातारा होतो आणि हे नाटक पूर्णपणे उन्हातले आहे. म्हणून रंगभूषेचा आराखडा वयापासून न करता कामापासून करावा, असे मी सुचवले आणि ते तूर्त मान्य झाले आहे.

१२ डिसेंबर

संघातील मुलामुलींनी आपापल्या गावी जाऊन घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे आणि हात नीट पाहावेत व लिहून आणावेत, असे ठरले होते. छायाचित्रे मुद्दाम टाळली, कारण छायाचित्र समोर असले की मुले त्याची नक्कल करतात. लिहायचे म्हटले की आधी पाहावे लागते. आलेल्या टिपणांपैकी उपयोगाच्या गोष्टी अशा: टोपी घालणाऱ्या शेतकऱ्याचे कपाळ वरच्या अर्ध्या भागात उजळ राहते आणि टोपीच्या कडेपाशी रंग एकदम बदलतो. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्या उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिल्याने पडतात. सुरकुतीच्या तळाशी ऊन पोहोचत नसल्याने चेहरा सैल सोडला की तेथे फिकट रेघा दिसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा या रेघा कोणत्याही तरुण शेतमजुराच्या चेहऱ्यावर सापडतील. डोक्यावर पदर घेणाऱ्या बायकांच्या कानशिलांचा आणि मानेचा रंग गालांपेक्षा उजळ असतो. केळीच्या घडांची वाहतूक करणाऱ्यांच्या बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडेला चिकाचा काळपट तपकिरी डाग बसलेला असतो आणि तो साबणाने जात नाही.

शेवटच्या टिपणाचा वेशभूषा विभागालाही उपयोग झाला. गिरजामायच्या कामाच्या लुगड्यावर रंगाने डाग काढण्याऐवजी खऱ्या चिकाचे डाग पाडायचे ठरले आहे. सुती कापडावर तो डाग कायमचा बसतो, त्यामुळे प्रयोगागणिक तो पुन्हा काढावा लागणार नाही.

१७ डिसेंबर

आजचा सगळा वेळ एका वर्तुळावर गेला आणि माझ्या मते या नाटकाची रंगभूषा त्याच वर्तुळावर उभी राहणार आहे.

वर्षानुवर्षे कपाळावर एकाच जागी कुंकू किंवा टिकली लावणाऱ्या बायकांच्या त्वचेवर तिची खूण राहते. काही कुंकवांतील कृत्रिम रंगांमुळे ती जागा काळवंडते. उलट चिकटवायच्या टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल हे रसायन असेल, तर त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना इजा होऊन तेथे पांढरट चट्टा पडू शकतो. गिरजामायने तरुणपणी मेणावर पिंजर, म्हणजे कुंकू, लावली असेल, परंतु पुढची वर्षे टिकलीचीच गेली असणार. तेव्हा नवरा गेल्यावर टिकली काढली तरी टिकलीची जागा कपाळावर उरते. पहिल्याच दृश्यात म्हातारीच्या कपाळावर तो उजळ ठिपका प्रेक्षकांना दिसेल, त्याचा अर्थ मात्र कळणार नाही. पंचविशीत त्यावर टिकली येईल. पंचेचाळिशीच्या दृश्यात ती टिकली रंगमंचावर निघेल तेव्हा खालचा ठिपका पुन्हा दिसेल आणि पहिल्या दृश्याचा उलगडा एका शब्दाविना होईल.

अडचण अशी की ठिपका रंगवून त्यावर टिकली लावली, तर टिकली निघताना रंगही ओढून नेते. त्यावर उपाय निघाला तो उलट बाजूने. मुलीचा वर्ण गव्हाळ आहे आणि उन्हातल्या गिरजामायसाठी तिच्या चेहऱ्यावर दोन छटा गडद थर द्यावाच लागणार आहे. तो थर देण्यापूर्वी कपाळावर कागदी चिकटपट्टीचे गोल कापलेले तुकडे लावायचे, थर बसला की ते काढायचे आणि कडा बोटाने किंचित मऊ करायच्या. आतली तिची स्वतःची त्वचा हाच ठिपका. त्यावर लावलेली टिकली कितीदा निघाली तरी खाली खराब होण्यासारखे काही नाही.

ठिपका कोडासारखा वाटेल, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. तो टिकलीपेक्षा किंचित लहान आणि काटेकोर मध्यावर असेल तर तसे वाटू नये, असे माझे मत आहे. पाचव्या रांगेतून पाहून निर्णय करू.

२३ डिसेंबर

तमाशाच्या फडात अनेक वर्षे रंगभूषा केलेले धुळ्याकडील एक ज्येष्ठ कलावंत आज मुलांशी बोलले. पूर्वी सफेदा (पांढरी पूड), पिवडी (पिवळी माती), काव (तांबडी माती), हिंगूळ, मुर्दाडशिंग आणि काजळ एवढ्याच सामग्रीवर राजा, राक्षस आणि गवळण उभी राहत असे. बत्तीच्या उजेडात लांबवर बसलेल्या माणसाला चेहरा दिसावा म्हणून तो उजळ करीत, हे त्यांनी सांगितलेले कारण मला महत्त्वाचे वाटले. गरज उजेडाची होती; आता उजेड भरपूर असूनही नायिका गोरी करण्याची सवय तेवढी शिल्लक आहे. सामग्रीविषयी मुलांना मी एक भर घातली की मुर्दाडशिंग हे शिशाचे आणि हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे, त्यामुळे जुन्या पेटीतले हे दोन्ही पदार्थ पाहण्यासाठी ठीक, त्वचेवर लावण्यासाठी नाहीत. पिवडी आणि काव या मातीच असल्याने त्यांच्या छटा मात्र आम्ही आमच्या रंगतक्त्यात घेतल्या आहेत. खानदेशी वर्णाला त्या फार जवळच्या आहेत.

रंग किती विकत घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. आहार्य अभिनयाच्या, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेच्या प्रकरणात अंगरचनेसाठी सित, नील, पीत आणि रक्त (पांढरा, निळा, पिवळा आणि लाल) हे चार मूळ रंग मानून त्यांच्या मिश्रणांनी पांडु, पद्म, हरित, कषाय अशा छटा सांगितल्या आहेत. आम्हीही पांढरा, पिवळा, विटकरी लाल, निळा आणि एक गडद तपकिरी एवढ्याच क्रीम रंगांच्या डब्या घेणार आहोत. तयार ‘स्किन’ रंगाच्या कांड्या बाजारात मिळतात, परंतु त्यांतल्या बहुतेक आमच्या मुलांच्या चेहऱ्यांपेक्षा गुलाबी आहेत.

२ जानेवारी २०२५

प्रत्येक कलाकाराच्या कोपराच्या आतल्या बाजूला सर्व रंग, स्पिरिट गम (त्वचेवर केस चिकटवायचा डिंक) आणि द्रव लेटेक्स (वाळल्यावर रबरी पापुद्रा होणारा द्रव) यांचा थेंब लावून एक दिवस थांबलो. एका मुलाला लेटेक्सने खाज आली. त्याच्यासाठी ते वर्ज्य. प्रत्येकाचा स्पंज आणि काजळकांडी वेगळी, त्यावर नावाची चिठ्ठी.

७ जानेवारी

गोंदण. गिरजामायच्या हनुवटीवर एक ठिपका, भुवयांच्या मध्यापासून जरा वर तीन बारीक ठिपके आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळस. ही रचना संघातील एका मुलीच्या आजीच्या गोंदणावरून, त्यांची परवानगी घेऊन, किंचित बदलून घेतली आहे.

काळ्या पेन्सिलीने काढलेले गोंदण कालच काढल्यासारखे दिसते. जुन्या गोंदणाची शाई वर्षांनुवर्षे त्वचेत पसरत जाते, कडा धूसर होतात आणि रंग हिरवट निळा होतो. शिवाय ते त्वचेच्या वर नव्हे, आत असते. त्यासाठी निळ्यात थोडा पिवळा आणि तपकिरी मिसळून ठिपके दिले, बोटाने दाबून पसरवले, पावडरने बसवले आणि त्यावर त्वचेच्या थराचा अगदी पातळ हात स्पंजने टिपला. या शेवटच्या हातामुळे रंग खाली गेल्याचा भास होतो. पंचविशीच्या दृश्यापूर्वी याच ठिपक्यांवर टोकदार पेन्सिलीने गडद बिंदू द्यायचा आणि पुढे वय वाढताना तो बोटाने पुसट करायचा, एवढ्यावर गोंदणाचेही वय बदलते. विंगेत यासाठी मिनिटभर पुरते.

१२ जानेवारी

प्रकाशयोजना पाहणाऱ्या मुलांबरोबर सभागृहात पूर्ण दुपार चाचणी केली. आजवर रंगभूषा आणि प्रकाश या दोन विभागांनी एकमेकांना केवळ रंगीत तालमीत पाहायचे, अशी पद्धत होती. या नाटकात ते परवडणारे नाही, कारण सत्तरी, पंचविशी, पंचेचाळिशी आणि पुन्हा सत्तरी हा क्रम चेहरा धुऊन आणि पुन्हा रंगवून साधणे शक्यच नाही. दोन दृश्यांमध्ये संहितेने तीन मिनिटे दिली आहेत.

आधार घेतला तो साध्या भौतिकशास्त्राचा. लाल रंग लाल किंवा अंबर (पिवळसर केशरी) प्रकाशात आजूबाजूच्या त्वचेत विरून जातो, कारण तेथे सगळेच लाल परावर्तित करीत असते. तोच रंग निळ्या प्रकाशात काळपट होतो, कारण त्याला परावर्तित करायला लाल किरणच मिळत नाहीत. रंगभूषाकार एरवी हा दोष म्हणून सांभाळतात. निळ्या रात्रीच्या दृश्यात ओठांची लाली काळी पडते आणि गालांवरचा रंग खड्ड्यांसारखा दिसतो. आम्हाला तर खड्डेच हवे आहेत. म्हणून नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी, गालफडांखालची पोकळी, कानशिले, डोळ्यांखालची सैल पिशवी आणि गळ्याच्या दोन शिरा एवढ्या जागी विटकरी लाल रंगाची सावली पातळ हाताने दिली. पंचविशीची दृश्ये भर दुपारची आहेत. समोरून पडणाऱ्या अंबर प्रकाशात ही सावली इतकी निवळली की चेहरा भरलेला आणि उन्हाने तापलेला दिसू लागला. सत्तरीची दोन्ही दृश्ये पहाटेपूर्वीची आहेत. शेतीची वीज अनेकदा रात्रीच मिळते म्हणून म्हातारी पाण्याची मोटार सुरू करायला उठलेली असते. तेथे समोरचा प्रकाश काढून एका बाजूने आणि थोडा वरून निळा सोडताच त्याच चेहऱ्यावर गालफडे बसली. मुलीने काहीही हालचाल केलेली नव्हती. सभागृहात बसलेली मुले ‘माय वं!’ म्हणून ओरडली आणि माझ्या दृष्टीने चाचणी तेथेच पूर्ण झाली, तरी पुढे बरेच तपशील तपासावे लागले.

त्यांतला एक लिहून ठेवण्यासारखा आहे. लाल, हिरवा आणि निळा या तीन एलईडींतून मिसळून केलेला अंबर आणि साध्या दिव्यापुढे अंबर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून मिळणारा अंबर पांढऱ्या पडद्यावर सारखे दिसतात, त्वचेवर मात्र सारखे पडत नाहीत. एलईडीच्या प्रकाशात मधल्या अनेक छटा नसतातच, त्यामुळे पिवडीची छटा असलेला आमचा थर त्यात मळकट, किंचित हिरवट दिसला. दुपारच्या दृश्यांसाठी समोरचे दोन दिवे जुने, जिलेटिनचे ठेवण्याचे ठरले.

उजाळीच्या जागी, म्हणजे गालाचे हाड, नाकाचा कणा, घडीची वरची कड, शुद्ध पांढरा वापरायचा नाही, हेही आज पक्के केले. सावळ्या थरावर पांढरा राखेसारखा दिसतो. त्याऐवजी पिवळ्यात थोडा पांढरा.

१८ जानेवारी

सुपडूचा चेहरा अर्धा झाकलेला असतो. जिनिंगमध्ये कापसाची तूस आणि धूळ सतत उडत असते. ती छातीत गेल्याने होणारा फुप्फुसांचा विकार प्रसिद्ध आहे आणि दुसऱ्या अंकात सुपडूचा खोकला त्यातूनच येतो. कामगार नाकातोंडाला फडके बांधतात. तेव्हा फडके सोडल्यावर नाकाच्या मध्यापासून आडवी रेघ दिसली पाहिजे: वर धुळकट, खाली स्वच्छ, पण घामाने ओलसर. वरच्या भागावर पांढरट पिवळी पावडर झटकली. भुवया आणि कपाळावरच्या केसांच्या कडेला व्हॅसलीनचा पुसट हात देऊन बारीक कातरलेला कापूस टिपला. पापण्यांना आणि खालच्या कडेला अजिबात नाही, कारण एक धागा डोळ्यात गेला तर पूर्ण प्रवेश जाईल. मागून दिवा आला की ही तूस उजळते आणि माणूस दमलेला दिसतो. यापेक्षा अधिक काही सुपडूला करायचे नाही. मुलाचा चेहरा बोलका आहे.

व्यापाऱ्यासाठी मुलांनी जाड मिशी आणि वर चढवलेल्या भुवया सुचवल्या होत्या. मी त्या नाकारल्या. संहितेत तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे, म्हणून त्याच्या कपाळावर टोपीची जुनी, आता पुसट झालेली रेघ ठेवली आणि बाकी चेहरा गुळगुळीत, तेलकट. एवढी रेघ पाहून तो खलनायक ठरवायचा की नाही, हे प्रेक्षकांनी ठरवावे.

२२ जानेवारी

बुध्याविषयी आज बराच वाद झाला. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी सर्वपरिचित आहे. तेथे बुध्या आणि बावा बनणारे लोक अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला दुधी भोपळे व घुंगरू बांधतात. रंगमंचावर हे दृश्य नेत्रदीपक झाले असते, यात शंका नाही, आणि दिग्दर्शकाला ते हवेच होते. परंतु त्याच भागातून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने सांगितले की हे सोंग नव्हे. त्यासाठी पाळणी पाळावी लागते, व्रताचे नियम असतात आणि ते अंगावर घेतलेले माणूस नवसाने बांधलेले असते. पाळणी न करता कोणी ते ठिपके अंगावर काढून नाचला, तर या सहकाऱ्याच्या घरच्यांना ते रुचणार नाही.

माझे मत त्याच्या बाजूने पडले. रंगभूषेला कोणताही चेहरा उभा करता येतो म्हणून तो करावाच, असे नाही. अखेर त्या दृश्यात पांढऱ्या पडद्यामागून केवळ पावलांची सावली आणि घुंगरांचा आवाज ठेवण्याचे ठरले. आमच्या विभागाला तेथे काम उरले नाही.

३१ जानेवारी

हात. मूठ घट्ट वळवून हाताच्या पाठीची त्वचा ताणायची, त्यावर स्पंजने लेटेक्सचा पातळ थर टिपायचा, केस वाळवायच्या यंत्राच्या थंड हवेने वाळवायचा, पावडर लावायची आणि मग मूठ सोडायची. सुरकुत्या आपोआप पडतात. चेहऱ्यावर लेटेक्स न लावण्याचा निर्णय कायम आहे, कारण ते भुवयांचे आणि गालांवरचे बारीक केस उपटते. हातावरची लव आधी व्हॅसलीनने बसवावी. पंचविशीच्या दृश्यात या हातांचे काय करायचे, हा प्रश्न दिग्दर्शकानेच सोडवला: त्या दृश्यांत ती सतत काम करते, हात चिखलात आणि चिकात असतात, म्हणून थोडा जास्त तपकिरी रंग लावला की सुरकुत्या मळात लपतात.

दातांना मशेरीचा काळेपणा. दात कापसाने कोरडे केल्यावरच रंग धरतो, आणि तो फक्त दातांच्या फटींत, हिरड्यांच्या कडेला द्यायचा. पूर्ण दात काळा केला तर तो पडल्यासारखा दिसतो. तरुणपणी बोटाने पुसून टाकता येतो.

केसांची पांढरी बट पदराच्या आतल्या कडेला टाके घालून जोडली आहे. पदर डोक्यावर आला की बट कपाळावर येते, पदर बदलला की जाते.

६ फेब्रुवारी

रंगीत तालीम. पाचव्या रांगेतून ठिपका स्पष्ट, बाराव्या रांगेतून पुसट, त्यामागे दिसत नाही. तो मोठा करावा, अशी सूचना आली. मी तो तेवढाच ठेवला. मागच्या रांगांतल्या माणसाला टिकली निघताना दिसतेच. थर मात्र अर्धी छटा फिका केला, कारण प्रकाश ठरलेल्यापेक्षा मंद ठेवला गेला आहे.

९ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. तयारीचा क्रम असा ठेवला: आधी हात, मग कपाळावरची चिकटपट्टी, थर, सावली, गोंदण, दात आणि सर्वांत शेवटी पदर. क्रीमच्या थरावर पावडर दाबून बसवल्यामुळे दिव्यांखाली तो टिकला. पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायचा वडीसारखा रंग, आम्ही घेतला नाही. मॅक्स फॅक्टर यांनी तो १९३० च्या दशकात रंगीत चित्रपटांसाठी घडवला; कॅमेऱ्याला हवा असलेला सपाट, झाकून टाकणारा पृष्ठभाग त्यात मिळतो आणि आम्हाला नेमकी त्वचा दिसायला हवी होती. टिकली निघाली तेव्हा सभागृह शांत होते. ते कशामुळे, हे रंगभूषेच्या वहीत लिहिण्याचे मला कारण नाही. त्या मुलीने टिकली काढायला बराच वेळ घेतला.

१६ फेब्रुवारी, यावल तालुका

दुसरा प्रयोग गावात, उघड्यावर, चार हॅलोजनवर. हॅलोजनचा उजेड लालपिवळा असल्यामुळे विटकरी सावली त्यात निवळणार आणि सत्तरीची बाई तरुणच राहणार, हे उघड होते. निळे जिलेटिन सोबत नेले होते. ते दिव्याच्या काचेला न चिकटवता वीतभर पुढे तारेच्या चौकटीत लावले, नाहीतर उष्णतेने वितळते. परंतु निळ्यातून हॅलोजनचा फार थोडा उजेड बाहेर पडतो आणि मागच्या लोकांना काही दिसेना. म्हणून दोन दिवे पूर्ण बंद करून एकच दिवा बाजूला जमिनीलगत ठेवला आणि सावलीच्या जागांवर विटकरीऐवजी गडद तपकिरीचा हात दिला. तरुणपणाच्या दृश्यासाठी त्यावर थराचा स्पंज टिपला. सभागृहातली सफाई त्यात नव्हती. मात्र पहिल्या रांगा दोन हातांवर होत्या आणि त्यामुळे ठिपका, गोंदण आणि पेरांतला चीक तेथे अधिक कामाला आले. पुढे बसलेल्या काही बायका पहिल्याच दृश्यात कपाळाकडे बोट दाखवून आपसांत बोलल्या. त्यांना टिकली निघेपर्यंत थांबण्याची गरज पडली नाही.

१८ फेब्रुवारी

साहित्य धुऊन भरले. चेहऱ्यासाठी खोबरेल तेल आणि मऊ सुती फडके पुरते. हातावरचे लेटेक्स कोमट पाण्यात बुडवून कडेपासून सोलावे, ओढू नये. प्रत्येक पात्राच्या रंगमिश्रणाचा हात जाड कागदावर लावून, खाली प्रमाण लिहून, वहीच्या शेवटच्या पानांत चिकटवला आहे. सभागृह आणि उघडा रंगमंच यांसाठी गिरजामायच्या सावल्यांचे दोन वेगळे तक्ते आहेत. पुढचा प्रयोग कोठे आहे ते कळल्याशिवाय डब्या उघडू नयेत. लेटेक्सच्या बाटलीवर उघडल्याची तारीख घातली आहे. बाटली उन्हात राहिल्यास आतच घट्ट होते, म्हणून मार्चपासून ती रंगपटात न ठेवता प्रयोगशाळेच्या थंड कपाटात ठेवावी. टिकल्यांचे पाकीट संपले आहे.